मारुंजीत सहा वन आरकेची बिल्डिंग, 1.20 कोटी. घ्यावी का?

वाकडकर_नवा: नमस्कार मंडळी, हिंजवडीत नोकरीला आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, आता पहिल्यांदाच भाड्यासाठी म्हणून काहीतरी घ्यायचा विचार चाललाय. हिंजवडीजवळ मारुंजीत सव्वा गुंठ्यात जी प्लस टू (तळमजला आणि वर दोन मजले) आहे, सहा वन आरके (एक खोली आणि किचन), प्रत्येकी 8,500 भाडं म्हणजे महिन्याला 51 हजार येतात असं मालक म्हणतो, वर मेट्रोमुळे भाडी वाढतील हे पालुपद आहेच. 70 लाख लोन काढीन, बाकी माझे. बायको म्हणते डोक्याला ताप आहे. काय वाटतं?

खोलीमालक: वहिनींचं ऐका 😄 गंमत सोडा, माझ्या अशाच सहा खोल्या आहेत म्हणून सांगतो. 51 हजार हा सगळ्या खोल्या भरलेल्या असतानाचा आकडा. वर्षात एखादा महिना रिकामा, उन्हाळ्यात टँकर, मोटार जळते, जिन्याचं लाईट बिल, रंग, एजंट, सगळं जाऊन 6.12 लाखातले पावणेपाच हातात आले तरी खूप. तुमची किंमत स्टॅम्प ड्युटी वगैरे धरून साधारण 1.28 कोटी होते, म्हणजे वर्षाचा परतावा पावणेचार टक्के पण नाही. आणि 70 लाखाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं धरला तरी 61 हजारच्या आसपास, म्हणजे सगळ्या खोल्या भरल्या तरी दर महिन्याला दहा हजार खिशातून. 2020 ला आयटीची पोरं गावाला गेली तेव्हा माझ्या चार खोल्या आठ महिने रिकाम्या होत्या, हप्ता मात्र थांबला नाही. आणि हो, सहा खोल्यांना वेगवेगळे मीटर आहेत का ते आधी बघा, सबमीटर (एकाच मुख्य मीटरवरून मालकाने काढलेले) असेल तर दर महिन्याला युनिटवरून भांडणं.

सातबारा_वाचक: भाऊ भाडं राहूदे, कागद काय आहेत? सव्वा गुंठा म्हणजे बहुतेक सातबारावर सामाईक नाव (इतरांसोबत मालकी), एनए (बिगरशेती) नाही. मालक ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवेल, तो घरपट्टीचा उतारा आहे, बांधकाम परवानगी नाही. पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला मागा. ते नसेल तर बँक लोनला उभी राहणार नाही, मग हप्त्याचं गणित करायचीच गरज नाही. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) पण घ्या.

करवाली_ताई: टॅक्सचं कोणी बोललं नाही म्हणून. घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट आणि वर लोनचं व्याजही वजा होतं. तुमच्या केसमध्ये पहिल्या वर्षी दोनेक लाख तोटा दिसेल, पण इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये असाल तर तो पगारातून वजा होत नाही, जुन्यात 2 लाखापर्यंत होतो. आणि भाडेकरार रजिस्टरच करा, नाहीतर वाद झाला तर भाडं नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार भाडेकरू सांगेल त्याच अटी धरतात, उलट सिद्ध करणं तुमच्यावर.

वाकडकर_नवा: आत्ताच मालकाला फोन केला. पूर्णत्वाचा दाखला विचारला तर म्हणाला, "साहेब गावात सगळ्यांचं असंच आहे, लोनचं आपण बघू, ओळखीची पतसंस्था आहे." मीटर दोनच आहेत.

खोलीमालक: पतसंस्थेचा व्याजदर विचारलात का?