डेन्ट्रीचं वर्षावन, रीफचा किनारा: शिकायला गेलेल्यांनी लिहावं

उत्तर क्वीन्सलँडमध्ये शिकून आलेल्या आणि सध्या शिकत असलेल्या सगळ्यांना या धाग्याचं आमंत्रण.

ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्यांचं आपल्याकडचं लेखन बहुतेक मेलबर्न-सिडनीचं असतं. खोलीचं भाडं, पार्ट टाइम काम, पीआर. ते उपयोगाचं आहेच. पण केर्न्स आणि टाऊन्सव्हिलला जेम्स कुक विद्यापीठात जाणारी आपली मुलं जगातल्या एका दुर्मीळ जागेच्या दारात राहतात. केप ट्रिब्युलेशनपाशी डेन्ट्रीचं वर्षावन थेट समुद्राला भिडतं आणि समोरच्याच पाण्यात ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे प्रवाळांची भलीमोठी रांग आहे. रीफ १९८१ साली जागतिक वारसा झाली, डेन्ट्री ज्यात येतं ती वेट ट्रॉपिक्सची जंगलं १९८८ साली.

फिरण्याचा कार्यक्रम लिहू नका, तो कुठेही मिळतो. एक जागा घ्या आणि ती तुम्हाला कोणी दाखवली, काय दाखवलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मीच करते.

मॉसमन गॉर्जला कुकू यलान्जी या तिथल्या मूळनिवासी समाजाचे वाटाडे जंगलात नेतात. आत शिरण्याआधी धुरातून जायचं असतं. पाहुणे आलेत हे त्या भूमीला कळवण्याची ती रीत. आमच्याबरोबर एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी एका झाडाची पानं ओली करून तळहातावर चोळायला लावली, तर रिठ्यासारखा फेस आला. मग ब्लॅक बीन नावाच्या झाडाच्या शेंगा दाखवल्या. त्यातल्या बिया विषारी. त्या चिरून, वाहत्या पाण्यात कित्येक दिवस ठेवून विष काढायचं, मग भाजून खायच्या. हे किती पिढ्यांनी मिळून शोधलं असेल याचा विचार मी परतीच्या बसमध्ये करत होते. २०२१च्या सप्टेंबरमध्ये डेन्ट्रीसह चार राष्ट्रीय उद्यानांची सुमारे १,६०,००० हेक्टर जमीन ईस्टर्न कुकू यलान्जींना कायद्याने परत मिळाली. कारभार आता ते आणि सरकार मिळून बघतात. माहितीपत्रकात ‘अस्पर्श जंगल’ असं वाचलं की मला त्या बाई आठवतात. ते जंगल कधीच बिनमाणसांचं नव्हतं.

पुण्याहून केर्न्सला, वनस्पतीशास्त्र

आमच्या सरांनी केप ट्रिब्युलेशनच्या रस्त्यावर गाडी थांबवली ती कॅसोवरीच्या विष्ठेपाशी. गुडघे टेकून बसले आणि काडीने एकेक बी बाजूला काढत झाडांची नावं सांगत गेले. हा माणसाच्या उंचीचा पक्षी फळं अख्खी गिळतो आणि बिया शाबूत टाकतो. मोठ्या बियांची कित्येक झाडं आईझाडापासून लांब रुजतात ती त्याच्यामुळे. अंडी उबवायची ती नराने, आणि पिल्लंही महिनोन् महिने तोच सांभाळतो. त्या एका ढिगापाशी आमचा सगळा तास झाला, आणि मला वर्षावन पहिल्यांदा समजलं ते तिथे.

दुसरं म्हणजे इडिओस्पर्मम. फुलझाडांच्या फार जुन्या घराण्यातलं हे झाड. ते नष्ट झालं असावं असंच धरून चालले होते. १९७१ साली डेन्ट्रीजवळ काही गुरं दगावली, त्यांच्या पोटात अनोळखी बिया निघाल्या आणि झाड पुन्हा उजेडात आलं. त्याची रोपं मी पाहिली. आपण शाळेत शिकतो त्याप्रमाणे एक किंवा दोन दलं नाहीत, तीन-चार!

दोडामार्गकडची जंगलं फिरलेल्यांना तिथे ओळखीची मंडळी भेटतील. काटेरी वेत आहे, रानजायफळ आहे. बांबर्ड्याची मायरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळाची, दलदल पाहून गेले होते, त्यामुळे डेन्ट्रीत जायफळाचं झाड दिसल्यावर झालेला आनंद मला इथे सांगायचाच होता. फक्त जिम्पी-जिम्पी या झाडापासून जपा. हृदयाच्या आकाराची मऊ दिसणारी पानं, त्यावर काचेसारखे बारीक केस. ते त्वचेत शिरले की वेदना महिनोन् महिने परत परत उठतात. ओळख पटेपर्यंत कुठल्याच पानाला हात लावायचा नाही, ही सरांची पहिली शिकवण.

सांगलीहून टाऊन्सव्हिलला, माती आणि पाणी

वर्षावनाबद्दल सगळे लिहितील, मी उसाबद्दल लिहितो. केर्न्सपासून इन्गमपर्यंत एका अंगाला जंगलाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या पट्टीत ऊस. आमच्या घरी आजोबांपासून ऊस, त्यामुळे माझा जीव त्या पट्टीतच अडकला.

इन्गमजवळ एका इटालियन वंशाच्या शेतकरी आजोबांच्या रानात मी पाण्याचे नमुने घ्यायला जायचो. तिथे गळीत हंगाम जूनमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतो. तोड यंत्राने. माल कारखान्याला जातो तो दोन फूट रुंदीच्या रुळांवरच्या छोट्या आगगाडीने, शेताच्या कडेवरून. आजोबांनी पहिल्याच दिवशी पायाने पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, बाजूला केलं आणि खालची माती हातात दिली. ओली, गांडुळांनी भरलेली. त्यांच्या तरुणपणी तोडीआधी फड पेटवायचे. आता हिरवा ऊस तोडतात आणि पाचट रानातच पसरतं. आमच्याकडे पाचट कुजवा म्हणून कृषी अधिकारी कधीपासून सांगतायत आणि खोडव्यात अजून काडी लावली जाते. घरी फोन करून वडिलांना तासभर हेच सांगत होतो.

उसाची मुळं खाणारी हुमणी अळी तिथेही आहे. तिच्यावर उपाय म्हणून १९३५ साली हवाईहून केन टोड नावाचे बेडूक आणले आणि केर्न्सजवळ गॉर्डनव्हेलच्या भागात सोडले. हुमणी जमिनीखाली, तिचे भुंगे झाडावर उंच, आणि बेडूक जमिनीवर. हुमणी कमी झाली नाही. बेडूक मात्र पसरले, आणि त्यांच्या विषाने त्यांना खाणारे क्वोल (छोटे मांसाहारी प्राणी), घोरपडी, साप मेले. रात्री त्या शेतकऱ्यांच्या ओसरीवरच्या दिव्याखाली ते ओळीने बसलेले असायचे.

पण ज्यासाठी मी गेलो होतो ते नत्र. पावसाळ्यात जादा खत ओढ्यातून नदीत, नदीतून रीफवर जातं. तिथे शेवाळ वाढतं, आणि प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशाच्या पिल्लांना खाद्य मिळतं असं संशोधक मानतात. आजोबा खत मातीत गाडून देतात, पावसाचा अंदाज बघून, हप्त्याहप्त्याने. ‘मासेमारीला मीही जातो,’ एवढंच ते म्हणाले. पाटाच्या पाण्यावर युरिया फेकणाऱ्या आमच्या गावाला मला हे दाखवायचं आहे. कृष्णेच्या खालच्या अंगालाही माणसं राहतात.

एक गोष्ट त्यांनी आवाज खाली करून सांगितली. इथला ऊस आधी १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून आणलेल्या सुमारे ६२,००० माणसांनी उभा केला. कित्येकांना फसवून, पळवून आणलं होतं. १९०१च्या कायद्यानंतर तेव्हा तिथे उरलेल्यांपैकी बहुतेकांना देशाबाहेर घालवलं. ऐकताना मला आमच्या फडातल्या बीडच्या टोळ्या दिसत होत्या, आणि कोयत्याच्या पाठीवर चालणाऱ्या आमच्या साखरेबद्दल मी तेव्हापासून वेगळं बोलतो.

पेणहून केर्न्सला

सांगलीकर दादा, तुमच्या नद्या जिथे पोचतात तिथे मी होते, खारफुटीत. आणि तिथे मला भेटला आपला जिताडा! तिकडे त्याला बारामुंडी म्हणतात, गोव्यात चोणक. मासा तोच. आमच्याकडे खाडीलगतच्या तळ्यात जिताडा वाढवतात, पाहुणा मोठा असेल तरच काढतात. तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, हे मात्र मला केर्न्सच्या वर्गात कळलं. म्हणून क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटीमीटरहून लहान आणि १२० सेंटीमीटरहून मोठा बारामुंडी धरायला बंदी आहे. मोठ्या माद्या वाचल्या तर पुढची पिढी. पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबर ते जानेवारी तो धरायचाच नाही. धक्क्यावर एका बाईंनी भलीमोठी मादी मोजपट्टीवर ठेवली आणि लगेच पाण्यात सोडली. माझ्या आगरी आज्जीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘बरा केलान.’

नाशिकहून टाऊन्सव्हिलला, सागरी जीवशास्त्र

टाऊन्सव्हिलच्या समोरच मॅग्नेटिक आयलंड. प्रवाळ वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री, सगळे मिळून जननपेशी सोडतात, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण संशोधकांनी तिथे टिपलं. आमच्या मॅडमनी आम्हाला त्या रात्री पाण्यात उतरवलं. आधी काहीच नाही. मग एका प्रवाळावर गुलाबी ठिपके फुगून आले, सुटले, आणि बघता बघता टॉर्चच्या उजेडात सगळं पाणी वर चढणाऱ्या गुलाबी मण्यांनी भरलं. सकाळी किनाऱ्यावर त्याचा तवंग आणि उग्र वास.

त्याच मॅडम २०१६ साली उत्तरेकडच्या रीफवर सर्वेक्षणात होत्या. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पांढरा म्हणजे मेलेला नव्हे. वेळेत गारवा आला तर सावरतो. पण २०१६ नंतर २०१७, २०२०, २०२२, २०२४... सावरायला मधली वर्षंच उरली नाहीत. मॅडम आकडे वाचून दाखवताना थांबायच्या. मी आता याच विषयात पीएचडी करते आहे.

चिपळूणहून केर्न्सला

डिसेंबर २०२३, जॅस्पर चक्रीवादळ. वारा गेला, आणि पाऊस मात्र दिवसेंदिवस तिथेच. बॅरन नदीने १९७७चा पूर मागे टाकला, विमानतळावर विमानं पाण्यात, वुजल वुजल गावाला हेलिकॉप्टरने हलवावं लागलं. शेजारच्या आजींनी वादळाआधीच आम्हाला बाथटब भरून ठेवायला लावला होता, म्हणून नंतर नळाचं पाणी अपुरं पडलं तेव्हा निभावलं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी आमच्या घरात होती, त्यामुळे पुढचं मला येत होतं. चिखल ओला असतानाच ओढायचा, वाळला की फरशी सोडत नाही. लाकडी सामान उन्हात नाही, सावलीत वाळवायचं. हॉलोवेज बीचला अनोळखी घरांतून आम्ही मुलं फावडी घेऊन फिरलो. मला केर्न्स त्या आठवड्यात आपलं वाटलं.

एका आईचा प्रश्न

सगळं वाचलं. मुलगी फेब्रुवारीत केर्न्सला जाते आहे. पोहायची फार आवड. समुद्रात उतरू द्यावं का?

पेणहून केर्न्सला

काकू, फेब्रुवारी म्हणजे ऐन जेलीफिशचा हंगाम, साधारण नोव्हेंबर ते मे. किनाऱ्यावर फक्त जाळी लावलेल्या भागात, जीवरक्षक असतील तेव्हाच, आणि अंगभर स्टिंगर सूट घालून. इरुकांजी जातीचे इवले जेलीफिश जाळीतूनही येतात, म्हणून सूट हवाच. दंश झालाच तर किनाऱ्यावर ठेवलेलं व्हिनेगर भरपूर ओतायचं, चोळायचं नाही, आणि ००० या आपत्कालीन नंबरला फोन. मगरीची पाटी असेल तिथे पाण्याच्या कडेलाही उभं राहायचं नाही. खाडी, नदीचं मुख, धक्के, सगळीकडे. ओढ्यातले डोह पावसात अचानक चढतात, तिथे स्थानिकांना विचारल्याशिवाय नाही. पोहायची हौस शहरातल्या एस्प्लनेडच्या लगूनमध्ये, म्हणजे पोहण्याच्या तलावात, फुकट भागते, तिथे ना जेलीफिश ना मगरी. रीफवर बोटीने जाऊ द्या, नक्की जाऊ द्या. पोचल्यावर तिला इथे लिहायला सांगा, आमच्यापैकी कोणी ना कोणी तिकडे आहेच.