ड्रॅक्युलाचा किल्ला: काळं किती भरायचं?

निबवाली: डिप पेन (शाईत बुडवायचा निबवाला पेन) अन् इंडियन इंकने (गडद काळी शाई) ड्रॅक्युलाचा किल्ला काढून राहिली, पण रेषा फुटतात, केसाळ होतात, काळं भरलं की सगळं सपाट दिसते, काय करू?

बर्डीकर: कूलरसमोर बसतेस का? कागद ओल धरते मग शाई पसरते. ब्रिस्टल (जाड, गुळगुळीत) कागद घे अन् कूलर बंद कर.

शाईबाज: आधी पांढरं कुठं ठेवायचं ते ठरव, एक खिडकी, बस. दगडांमधे बारीक पांढरी फट सोड. चित्रकार हॅरी क्लार्कनं १९१९ मधे एडगर ॲलन पोच्या भयकथांना काढलेली चित्रं बघ, सपाट काळं अन् त्यातच बारीक नक्षी, चित्रकार बर्नी राइटसनचा १९८३ चा सचित्र फ्रँकेन्स्टाईन मात्र रेषारेषांनीच भरलेला, मला तोच जास्त आवडते.

निबवाली: मे महिन्यात नागपुरात कूलर बंद?? काय भाऊ!

बर्डीकर: मग पहाटे बस ना.