फौंड्रीची वेबसाइट: आत्ताच नवी करावी का, आणि करायची तर कशी?

कुपोला

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे, आप्पांनी चालू केलेली. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न (बिडाचे दोन प्रकार), ५ किलोपासून १५० किलोपर्यंतचं कास्टिंग, जोडीला छोटं मशीन शॉप. गिऱ्हाईक जास्त करून पंप आणि व्हॉल्व्हवाले, थोडं ट्रॅक्टरचं काम.

वेबसाइट २०१२ ची. वर पाच फोटो सरकत राहतात. त्यातला एक आमचा नाहीच, निळ्या हेल्मेटातला कुणीतरी गोरा साहेब आहे. ऑडिटला आलेली माणसं विचारतात, हे कोण? तळाला 'आपण अमुकावे पाहुणे' सांगणारा काउंटर. मोबाइलवर दोन बोटांनी ताणून ताणून वाचावं लागतं, आणि क्रोममध्ये पत्त्याशेजारी 'सुरक्षित नाही' असं येतं.

फौंड्री काँग्रेसबरोबर (आमच्या धंदेवाल्यांचं संमेलन) जे प्रदर्शन भरतं तिथं पुढच्या खेपेला स्टॉल घ्यायचं घाटतंय. धाकटा भाऊ म्हणतो, त्याआधी साइट नवी झालीच पाहिजे, असली साइट कार्डावर छापायची लाज वाटते. आप्पा म्हणतात, "ऑर्डरी काय साइट बघून येतात होय? माणूस बघून येतात." दोघांचंही पटतं, म्हणून अडकलोय.

दोन कोटेशनं आलीत. एक पस्तीस हजारांचं: तयार साच्यातली सात पानं, पंधरा दिवसांत हातात. दुसरं पावणेतीन लाखांचं: त्यात व्हिडिओ, ॲनिमेशन, 'ब्रँड स्टोरी' आणि नवीन डोमेन, म्हणजे साइटचा नवा पत्ता. पहिल्यानं जुनी साइट उघडूनही बघितली नाही. दुसऱ्यानं बघितली आणि हसला.

नवी करायची वेळ झाली हे नेमकं कशावरून ओळखायचं? सगळी एकदम पाडून बांधायची की थोडी थोडी? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. 'आमच्याकडून करून घ्या' म्हणणाऱ्यांनी कृपया मेसेज करू नये, तसले बक्कळ येतात.

सायझिंगवाला

इचलकरंजीहून लिहितोय. आमची साइटच नाही. व्हॉट्सॲपवर कॅटलॉग, गुगल मॅपवर पत्ता, बास. सगळी गिऱ्हाइकं वीस किलोमीटरच्या आत. पण तुमचं गिऱ्हाईक गावाबाहेरचं दिसतंय, तेव्हा माझं ऐकू नका.

सांगलीकर पुण्यात

मी कारखान्यांच्याच साइट करतो, पण तुम्हाला मेसेज करणार नाही, घाबरू नका.

साइट जुनी दिसते हे नवी करायचं कारण नव्हे. कारणं दोनच. एक, ती चुकीची माहिती सांगते. दोन, तिच्यामुळं काम अडतं. तुमच्या यादीत दोन्ही आहेत, पण प्रत्येकाचा इलाज वेगळा आणि खर्चही वेगळा.

'सुरक्षित नाही' हे क्रोमनं जुलै २०१८ पासून दाखवायला सुरुवात केली. जिथं एसएसएल सर्टिफिकेट (साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद करणारं) नाही त्या सगळ्या साइटांना ते येतं. सर्टिफिकेट फुकट मिळतं, बहुतेक होस्टिंगवाल्यांच्या (साइट ज्यांच्या सर्व्हरवर असते त्यांच्या) पॅनेलमध्ये त्याचं बटण असतं. दुपारभराचं काम. त्यासाठी साइट पाडायची गरज नाही.

मोबाइलचं मात्र गंभीर आहे. गुगल आता साइट मोबाइलच्या डोळ्यांनीच वाचतं, हे स्थित्यंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झालं. २०१२ चा सांगाडा त्यात बसवण्यापेक्षा नवा करणं स्वस्त पडतं. म्हणजे एक ना एक दिवस करायचीच आहे. पण प्रदर्शनाची तारीख बघून नव्हे.

कोटेशनांकडं वळण्याआधी तीन गोष्टी बघा. डोमेन कुणाच्या नावावर आहे? मी पाहिलेल्यांपैकी निम्म्या कारखान्यांचं ते जुन्या डिझायनरच्या मेलवर असतं आणि तो माणूस आता विमा विकत असतो. ते आधी कंपनीच्या नावावर आणा, साइट पुढं कधीही करा. दुसरं, तुमचे कंपनीचे मेल त्याच होस्टिंगवर आहेत का? तिसरं, होस्टिंगच्या सी-पॅनेलमध्ये 'ऑस्टॅट्स' (AWStats) नावाचा चौकोन असेल, तो उघडा आणि कुठलं पान किती उघडलं जातं ते बघा. आकडे खरे धरू नका, त्यात बॉटही, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅमही, मोजले जातात. नुसता क्रम बघा.

आणि नवीन डोमेन अजिबात घेऊ नका. दहा-बारा वर्षं जुना पत्ता आहे, तो गिऱ्हाइकांच्या मेलमध्ये, टेस्ट सर्टिफिकेटांवर, व्हेंडर फॉर्मवर छापलेला आहे. तो सोडायला सांगणारा माणूस तुमच्या सोयीचं बोलत नाहीये.

चाकण पर्चेस

मी खरेदीतला माणूस, तुमच्यासारख्यांना ड्रॉइंग पाठवणारा. आप्पांचं बरोबर आहे, ऑर्डर माणूस बघूनच देतो. पण कुणाला भेटायचं ते साइट बघून ठरवतो. नवा पार्ट आला की सात-आठ फौंड्र्यांच्या साइट उघडतो आणि त्यातल्या तिघांनाच फोन करतो.

मी काय शोधतो ते सांगतो. मोल्ड बॉक्सचा, म्हणजे साच्याच्या पेटीचा साइज. एका पीसचं जास्तीत जास्त वजन. मोल्डिंग कसलं, ग्रीन सँड (ओलसर वाळूचं) की नो-बेक (रसायनानं घट्ट होणाऱ्या वाळूचं). फर्नेस इंडक्शनची, म्हणजे विजेची, की अजून कोकवर चालणारा जुना कुपोला (तुमचं नाव बघून विचारतोय). महिन्याला किती टन वितळवता. स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक मोजणारा) आणि टेन्साइल टेस्टिंग (ओढून ताकद तपासणं) घरात आहे की बाहेरून करून आणता. मशीनिंग कुठपर्यंत करून देता. हे एका पानावर, तक्त्यात, चित्रात नव्हे, म्हणजे मला कॉपी करून इंजिनीअरिंगला पाठवता येतं. बहुतेक साइटींवर याऐवजी 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास' असतं.

आणि एक. सर्टिफिकेटांचे लोगो तपासा. आयएसओ ९००१ ची २००८ ची आवृत्ती आणि टीएस १६९४९ (वाहनांचे पार्ट करणाऱ्यांसाठीचं), ही गुणवत्तेची दोन्ही मानकं सप्टेंबर २०१८ मध्ये संपली. त्यांच्या जागी अनुक्रमे ९००१ ची २०१५ ची आवृत्ती आणि आयएटीएफ १६९४९ आलं. जुना लोगो दिसला की मला वाटतं, एकतर यांचं सर्टिफिकेट संपलंय किंवा साइट कुणी बघत नाही. दोन्हींत फोन करावासा वाटत नाही. गोरा साहेब चालेल एकवेळ, जुना लोगो चालत नाही.

कुपोला

@चाकण पर्चेस, फर्नेस इंडक्शनचीच आहे साहेब. कुपोला आप्पांच्या काळातला, नाव तेवढं मी धरून ठेवलंय. तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ऑफिसात लावलाय. लोगो बघितला: २००८ चाच आहे. सर्टिफिकेट आमचं चालू आहे, २०१५ च्या आवृत्तीचं, भिंतीवर फ्रेममध्ये. साइटवर कुणी बदललंच नाही.

@सांगलीकर, ऑस्टॅट्स सापडलं. मला वाटलं होतं मुखपृष्ठ पहिलं असेल. पहिलं निघालं 'ग्रेड चार्ट' नावाचं पान. ते आमच्या क्वालिटीच्या काकांनी कधीतरी टाकून घेतलं होतं. एफजी १५० पासून एफजी ४०० पर्यंत ग्रे आयर्नचे ग्रेड, कुठला ग्रेड कशाला वापरतात, त्याखाली एसजीचे, आणि बाहेरच्या देशांच्या ग्रेडशी साधारण कुठला जुळतो ते. रंगरूप शून्य, नुसता तक्ता. दुसऱ्या नंबरला मशीनची यादी. 'आमच्याविषयी' कुठंतरी तळात. 'दृष्टी आणि ध्येय' तर कुणी उघडतच नाही, त्याचा मजकूर आप्पांनी तीन वेळा बदलून घेतला होता.

आता गंमत बघा. पस्तीस हजारवाल्याच्या सात पानांत ग्रेड चार्ट नाही. दृष्टी आणि ध्येय आहे.

डोमेन जुन्या डिझायनरच्या मेलवरच आहे. तो भला माणूस आहे, फोन उचलतो, विमा विकत नाही, भाजी मंडईत अडत्या झालाय. डोमेन आमच्याकडं हलवायचा कोड देतो म्हणाला. मेलही त्याच होस्टिंगवर आहेत. यात काय अडचण?

सांगलीकर पुण्यात

अडचण अशी की नवा वेबवाला होस्टिंग बदलतो, डोमेनच्या सेटिंग आपल्याकडं वळवतो, आणि मेलची नोंद तिकडं न्यायची राहून जाते. साइट झकपक चालू असते आणि तुमच्याकडं एकही मेल येत नाही. कळायला वेळ लागतो, कारण न आलेला मेल दिसत नाही. ज्यानं ड्रॉइंग पाठवलंय तो समजतो, यांना रस नाही. म्हणून मेल आधी वेगळ्या सेवेवर न्या, आठ-पंधरा दिवस नीट चालू द्या, मग साइटला हात लावा. दोन्ही एका दिवशी कधीही नाही.

ग्रेड चार्टचं पान म्हणजे तुमची खरी कमाई आहे. ते नव्या साइटवर शब्द न बदलता जाऊ दे, फक्त मोबाइलवर तक्ता आडवा सरकेल असं करा. पत्ता तोच राहिला तर उत्तम. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमची वळवणी लावायची, वेबवाले तिला 'तीनशे एक' म्हणतात. हे प्रत्येक पानासाठी करायचं. सगळी जुनी पानं एकजात मुखपृष्ठावर वळवणारे लोक आहेत, त्याचा उपयोग नाही. ग्रेड शोधत आलेल्याला मुखपृष्ठ दिसलं की तो परत जातो, आणि गुगलही त्या पानाला हरवलेलंच समजतं. वळवणी निदान वर्षभर ठेवा असं गुगलच सांगतं. मी म्हणेन काढूच नका, तिला भाडं लागत नाही.

कोटेशन मागताना जुन्या पानांची यादी करा, समोर नवा पत्ता लिहायला रिकामा रकाना ठेवा आणि दोघांनाही पाठवा. जो भरून देईल त्याच्याशी पुढं बोला. दर मागाहून ठरतो.

क्रम मी असा ठेवीन. एसएसएल सर्टिफिकेट, लोगो आणि गोरा साहेब या आठवड्यात, जुन्याच साइटवर. चाकणच्या साहेबांनी सांगितलेला तक्ता पण जुन्याच साइटवर टाका, त्यासाठी थांबू नका. डोमेन आणि मेल त्यानंतर. मग नवी साइट, आणि ती प्रदर्शनाच्या निदान दोन महिने आधी चालू झालेली असावी. तेवढं जमत नसेल तर सरळ प्रदर्शनानंतर करा. स्टॉलवर उभं राहून 'साइटवर काम चालू आहे' सांगण्यापेक्षा जुनी पण खरी साइट बरी. मार्च एंडलाही नको, तुमच्याकडं तेव्हा कुणाला मजकूर तपासायला वेळ नसतो.

फोटो आपल्याच शॉपचे काढा. चांगल्या मोबाइलवर, मेटल ओततानाचा एक तरी. पण चढवण्याआधी छोटे करून घ्या. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसला पाहिजे हा गुगलचा निकष आहे, आणि पाच-सहा एमबीचा एक फोटो तेवढ्यावर पाणी फिरवतो. पावणेतीन लाखांतला व्हिडिओ सुरुवातीलाच आपोआप चालणारा असेल तर नाही म्हणा.

कुपोला

यादी करून दोघांनाही पाठवली. पस्तीस हजारवाल्यानं भरून दिली, दोन रकान्यांत प्रश्नचिन्ह टाकून, आणि त्या दोनांबद्दल फोनही केला. दुसऱ्याकडून उत्तर आलं की हे 'स्कोपच्या बाहेर' आहे. आप्पांनी यादी बघितली आणि म्हणाले, हा पोरगा बरा दिसतोय, याला बोलवा. म्हणजे माणूस बघूनच ठरलं शेवटी.

पण पस्तीस हजारांत होणार नाही, ग्रेड चार्ट आणि इन्क्वायरी फॉर्ममध्ये ड्रॉइंग जोडायची सोय धरून तो साठच्या आसपास सांगतोय. मला वाजवी वाटतं. प्रदर्शन झाल्यावरच करायचं ठरलं. भाऊ नाराज आहे, पण गोरा साहेब काढल्यावर जरा शांत झालाय.

शेवटचा प्रश्न. जुन्या साइटवर एक मराठी पान आहे, ते आता नुसतं गचाळ अक्षरं दाखवतं. मराठी ठेवावं का?

सांगलीकर पुण्यात

ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असणार, श्री-लिपी किंवा तसल्या. फॉन्ट नसला की अक्षरांचा काला होतो, आणि गुगलला तर ते मराठी आहे हेच कळत नाही. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणता येतं, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

ठेवायचं का हे, ते कुणासाठी आहे यावर आहे. तुमचं गिऱ्हाईक इंग्रजीत ग्रेड शोधतं, त्याच्यासाठी नको. पण भरतीसाठी मराठी पान जरूर करा. मोल्डर, मेल्टर, क्वालिटीत शिकाऊ, आयटीआय झालेली पोरं मोबाइलवर मराठीतच शोधतात. कुठली जागा, शिफ्ट कुठल्या, बसची सोय आहे का, कॅन्टीन, पीएफ, फोन कुणाला करायचा. एवढं लिहा आणि जागा भरली की त्याच दिवशी पान बदला.

चाकण पर्चेस

इन्क्वायरी फॉर्ममध्ये ड्रॉइंग जोडायची सोय करताय तर फाइलची मर्यादा दोन एमबी ठेवू नका. आमची स्टेप फाइलच (थ्रीडी ड्रॉइंगची) वीसच्या वर जाते. आणि फॉर्म भरल्यावर तुमच्याकडून कोण उत्तर देणार त्याचं नाव आणि मोबाइल नंबर दिसू द्या.