वाकड्या माजघरात लॅमिनेट टाकायचंय, पट्ट्या कुठून सुरू करू?

पडवीवाला:
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, त्यातल्या माजघरात लॅमिनेट टाकायचं ठरवलंय, खाली जुना लाल कोबा आहे. आईला आता गार जमीन सोसत नाही म्हणून हा घाट. अडचण अशी की खोली काटकोनात नाहीच, लांबी ४.९ मीटर, रुंदी खिडकीकडे ३.६२ आणि दाराकडे ३.५०, शिवाय पडवी बंद करून आत घेतलेला १.५ बाय २.१ चा तुकडा बाजूला आहे. पट्टी १९२ मिमी रुंद, ८ मिमी जाड. सुतार म्हणतो सरळ भिंतीला अख्खी पट्टी लावू, शेवटचं शेवटी बघू. मला ते आधीच बघायचंय. गणपतीला सगळे येतात, त्याआधी झालं तर बरं.

रंधा:
शेवटची ओळ आधी काढा, मग पहिली ठरवा. दोन्ही भिंतींपाशी १० मिमी फट सोडली की खिडकीकडे ३६०० मिमी उरतात आणि दाराकडे ३४८०. अख्ख्या १८ पट्ट्या बसवल्या तर ३४५६ झाले, म्हणजे शेवटची ओळ खिडकीकडे १४४ आणि दाराकडे फक्त २४ मिमी, अशी चिंधी टिकत नाही आणि दारातून आत आलं की पहिली नजर तिथेच जाते. त्यापेक्षा पहिली ओळ कापून १५० ची करा, मग १७ अख्ख्या, शेवटची १८६ पासून ६६ पर्यंत निमुळती होत जाईल. ५० च्या खाली कुठेच जाऊ द्यायचं नाही.

सुरुवातीची भिंत सरळ दिसते म्हणून तिच्यावर विसंबू नका, चिऱ्यावरचा गिलावा पोटात फुगलेला असतो, दोरी ताणून रेघ मारा आणि ३-४-५ फुटांनी काटकोन तपासा (एका रेघेवर ३, दुसरीवर ४ फूट मोजले की तिरकं बरोबर ५ यायला हवं), हातातला गुण्या एवढ्या खोलीला पुरत नाही. शेवटच्या ओळीसाठी नवी पट्टी आधीच्या ओळीच्या बरोबर वर ठेवायची, अख्ख्या रुंदीचा एक तुकडा भिंतीकडे १० मिमीची पाचर ठेवून सरकवत न्यायचा आणि त्याच्या मागच्या कडेने पेन्सिल ओढायची, भिंतीचा बाक जसाच्या तसा उतरतो. शेजारच्या ओळींचे जोड ३० सेंमी तरी मागेपुढे ठेवा. माल १२-१५ टक्के जास्त घ्या, तुमचं क्षेत्र २०.६ चौ. मीटरच्या आसपास आहे, तेव्हा साडेतेवीस धरा.

चिरेबंदी:
मापं बरोबर आहेत पण माझी काळजी कोब्याची आहे. जुन्या घरात कोब्याखाली ओल अडवणारा थर बहुतेक नसतोच, आणि लॅमिनेटचा गाभा म्हणजे लाकडाचे दाबलेले तंतू, ओल प्यायले की कडा फुगतात त्या परत खाली बसत नाहीत. एक मीटरभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा, दोन-तीन जागी. कोरडं निघालं तरी खाली जाड पॉलिथिन आणि त्यावर फोम हवाच. आणि भर पावसात नका टाकू हो, दमट हवेत फुगलेल्या पट्ट्या बसवल्या की हिवाळ्यात आकसून जोड उघडतात. वाळवीचंही आधीच बघून घ्या.

समुद्रगाज:
पडवीच्या तुकड्याबद्दल माझं मत, तो माजघराला सलग जोडू नका. तोंडापाशी प्रोफाइल पट्टी (दोन जमिनींमधली फट झाकणारी) टाकून दोन वेगळ्या जमिनी करा, दोन्ही आपापल्या परीने फुगतील-आकसतील. पट्ट्यांची दिशा मात्र एकच ठेवा, नाहीतर तुकडा परका वाटतो. दाराच्या चौकटीला फट ठेवून भरण्यापेक्षा चौकटच खालून पट्टी सरकेल एवढी कापून घ्या.

पडवीवाला:
सगळ्यांचे आभार. तीन ठिकाणी प्लास्टिक लावलं होतं. खिडकीकडे आणि मधे कोरडं, पण मोरीच्या भिंतीलगत काढलं तर आतून दव धरलेलं आणि कोब्यावर तळहाताएवढा काळपट डाग. मोरीचा जुना पाइप झिरपतोय बहुतेक. म्हणजे आधी मोरी उकरायची, पाऊस जाऊ द्यायचा, आणि दिवाळीनंतर पुन्हा प्लास्टिक लावून बघायचं. आईला सांगितलं, ती म्हणाली घाई नको, एवढी वर्षं गेली तर अजून चार महिने. तोवर पलंगाखाली जाड सतरंजी घालतोय. सुताराला १५० आणि ६६ चे आकडे कागदावर लिहून दिलेत, त्याने खडूने रेघा मारून बघितल्या, पटलं त्याला.