कोलंबस डे की इंडिजिनस पीपल्स डे? तुमचे अनुभव लिहा

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात या सुट्टीचं नाव आजही 'कोलंबस डे' आहे. राज्यात, शहरात, शाळेत मात्र ते बदलत जातं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनो, मुलांना तुम्ही कोणतं नाव सांगता? त्यावरून कुणाशी काय बोलणं झालं?

न्यूयॉर्क
२०२१ मध्ये इथल्या शाळांच्या कॅलेंडरमधून कोलंबस गेला आणि 'इंडिजिनस पीपल्स डे', म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा दिवस, आला. मला आनंद झाला. कोलंबस मूळचा इटालियन, म्हणून इथल्या इटालियन मंडळींची ओरड झाली आणि 'इटालियन हेरिटेज डे/इंडिजिनस पीपल्स डे' असं जोडनाव ठरलं. शेजारचे इटालियन आजोबा तरीही दुखावलेलेच होते. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने ११ इटालियनांना ठार मारलं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी कोलंबसच्या सफरीची चारशे वर्षं देशभर साजरी करायला सांगितली. 'तेव्हा कुठे आम्हाला इथलं मानायला लागले,' आजोबा म्हणाले. कोलंबसने मूळ रहिवाशांना गुलाम केलं, त्याचा गौरव मला नकोच. पण आजोबांचं दुःखही खरं आहे.

टेक्सस
आमच्या ऑफिसात नुसतं 'फेडरल हॉलिडे' लिहितात. वाद टळतो, पण मला हा पळपुटेपणा वाटतो.

न्यू जर्सी
नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी १०० प्रश्न पाठ केले. दोन राष्ट्रीय सुट्ट्या सांगा, या प्रश्नाच्या उत्तरांत 'कोलंबस डे' होता. त्याच यादीत मूळ अमेरिकन जमातींपैकी एकीचं नाव सांगा, असाही प्रश्न! मुलाखतीत सुट्ट्या विचारल्याच, तर थँक्सगिव्हिंग आणि चार जुलै सांगायचं, हे मी घरूनच ठरवून गेले होते.

कोलोरॅडो
१९०७ मध्ये कोलंबस डेची सुट्टी कायद्याने देणारं हे पहिलं राज्य. २०२० मध्ये ती रद्द करून मदर कॅब्रिनी या इटालियन स्थलांतरित ननच्या नावाने सुट्टी दिली. इटालियनांचा मान राखला, हे मला मनापासून आवडलं. मूळ रहिवाशांच्या नावाची सुट्टी मात्र राज्याने अजून द्यायला हवी.

साउथ डकोटा
इथे १९९० पासून 'नेटिव्ह अमेरिकन्स डे'. लाकोटा या मूळ अमेरिकन जमातीतल्या सहकारी मैत्रिणीला मी उत्साहाने शुभेच्छा दिल्या. ती हसून 'थँक्यू' म्हणाली आणि ब्लॅक हिल्स या इथल्या डोंगराळ भागाबद्दल बोलायला लागली. ती जमीन सरकारने भरपाई न देता बळकावली, हे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये मान्य करून पैसे मंजूर केले. तिच्या लोकांनी ते अजून घेतलेले नाहीत. त्यांना जमीनच परत हवी आहे.