मदत हवी आहे: मुलांशी दारू-ड्रग्जबद्दल बोलायचंय, काय दाखवू?

खडूफळा: शुक्रवारी तास घ्यायचाय. स्लाइड्स तयार आहेत: काळी फुप्फुसं, खराब झालेलं यकृत वगैरे. पण मागच्या पाहुण्यांनी हेच दाखवलं तेव्हा मुलं खिदळत होती. काय दाखवलं की डोक्यात शिरेल? लवकर सांगा.

रातकिडा: मुलं केवढी? किती जण? वेळ किती? बारा वर्षांच्यांना आणि सतरा वर्षांच्यांना एकच तास चालत नाही.

भोवरा: व्यसनातून बाहेर पडलेला माणूस बोलवा. आम्ही बोलावला होता, वर्ग चिडीचूप! स्लाइड्स फेका.

पाटीपेन्सिल: चिडीचूप बसली म्हणजे पटलं असं नाही. ‘हा एवढा प्यायला, तरी सुटला’ हेही मुलं ऐकतात. अमेरिकेत १९८३ पासून पोलिस वर्गात जाऊन ‘डेअर’ हा व्यसनविरोधी कार्यक्रम शिकवत. तपासणी झाली तेव्हा मुलांच्या वागण्यात फारसा फरक दिसला नाही. पुढे अभ्यासक्रमच बदलला त्यांनी.

भोवरा: अभ्यास गेले खड्ड्यात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

गुळगुळीत: तंबाखू सोडायला निकोटिनचं च्युइंगम उत्तम. माझी सुटली.

रातकिडा: @गुळगुळीत, अभिनंदन, पण ते कोणी विचारलंय?

खडूफळा: वय १४-१५, चाळीस जण, चाळीस मिनिटं. भांडणं नंतर करा हो!

पाटीपेन्सिल: मग भाषण दहा मिनिटांत आवरा. जोड्या लावा. एकानं म्हणायचं, “घे रे एक घोट, काय होतंय?” दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. पहिल्यांदा सगळे हसतील, हसू दे. “नको, उद्या मॅच आहे”, विषय बदलणं, सरळ निघून जाणं, जे ज्याच्या तोंडी बसेल ते. ऐन वेळी यकृताचा फोटो आठवत नाही, घोटलेलं वाक्य आठवतं. शिवाय निनावी चिठ्ठ्या घ्या: तू प्यायलास का, आणि वर्गात किती जण पितात असं वाटतं? अंदाज बहुधा खऱ्याहून जास्त निघतो. तो फुगा फुटला की ‘सगळेच करतात’ हे कारण उरत नाही.

रातकिडा: आणि खरा आकडाच मोठा निघाला तर?

पाटीपेन्सिल: म्हणून आधी घरी मोजायचं, मग फळ्यावर लिहायचं की नाही ते ठरवायचं.

आडवाट: एक राहिलं. मित्र पिऊन बेशुद्ध पडला तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, ओरडा बसेल म्हणून मोठ्यांना बोलवायचं टाळू नका. कॉफीनं दारू उतरत नाही, वेळच जावा लागतो.

भोवरा: म्हणजे प्या, आम्ही आहोत सांभाळायला!

आडवाट: पोहायला शिकवताना बुडणाऱ्याला कसं काढायचं तेही सांगतातच ना? बाकी एका तासानं फार होत नाही. आइसलँडमध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांत महिनाभरात झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८ ला ४२ टक्के होतं, २०१६ ला ५. त्यामागे खेळ, छंदवर्ग, पालकांचे आपसातले करार आणि रात्री बाहेर राहण्यावरची वेळेची मर्यादा होती.

खडूफळा: पालक माझ्या हातात नाहीत, शुक्रवार आहे. जोड्यांचं करते, कुशीवर वळवायचंही दाखवते. चिठ्ठ्या गुरुवारीच घेईन. पण मुख्याध्यापकांना स्लाइड्स आधी दाखवाव्या लागतात. त्यांना काय दाखवू?

भोवरा: पाहुणा येतोय म्हणून सांगा. देऊ का नंबर?