कोंबडीला मिनरल पावडर घातली तर अंड्यात लोह वाढतं का?

खळ्यातली, गुहागर
परसात चाळीसेक कोंबड्या आहेत. निम्म्या गावठी, निम्म्या वनराज आणि ग्रामप्रिया या सुधारित जातींच्या. दिवसभर मोकळ्या, संध्याकाळी कणी, कोंडा आणि मूठभर लेयर खाद्य (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं). गेल्या आठवड्यात खाद्याच्या दुकानात एका विक्रेत्याने ‘चिलेटेड मिनरल’ची, म्हणजे अमिनो आम्लांसारख्या रेणूंना बांधलेल्या खनिजांची, पावडर गळ्यात मारायचा बराच प्रयत्न केला. म्हणे लोह, जस्त, तांबं, सेलेनियम सगळं अंड्यात उतरतं. ट्रेवर ‘लोहयुक्त अंडी’ असा कागद चिकटवा नि अंड्यामागे दोन रुपये जास्त घ्या, पर्यटक काही विचारत नाहीत.

मी घेतली नाही. माझ्या मते ही शुद्ध लबाडी आहे. कोंबडी म्हणजे काय नळ आहे, वरून ओतलं की खालून आलं? कुणाला पटत नसेल तर बोला.

लेयरवाला, चिपळूण
ताई, सरसकट लबाडी म्हणू नका. मका-सोयाच्या खाद्यात जस्त असतं, पण दाण्यातल्या फायटेट नावाच्या घटकात अडकून बसतं. म्हणून ते फोडणारं फायटेज हे विकर घालावं लागतं, वरून जस्त नि मँगनीजही द्यावं लागतं. जस्त नि मँगनीज नसतील तर कवच नीट बनतच नाही. लेयर म्हाताऱ्या व्हायला लागल्या की ट्रे उचलताना बोटाखाली अंडं पिचकतं, तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला विचारा. चिलेटेड सुरू केल्यावर माझी फूट कमी झाली. माझ्या शेडपुरतं सांगतोय.

खळ्यातली
झाली ना, आनंद आहे. पण तो फायदा तुमच्या ट्रेचा. खाणाऱ्याच्या पोटात जास्तीचं काय गेलं?

बांगडो, मालवण
आमची आये म्हणता, कोंबयेक जा व्हया ता ती सोता उकरून खाता. आम्ही कालवांची शिंपलं कुटून खळ्यात टाकतो, वर सुकटीचा भुगा. कवच दगडासारखं. आणि लोहाचं म्हणाल तर गावठी अंडं उकडून कापा, बलकाभोवती हिरवट-काळं कडं दिसतं. ते लोहच. बॉयलरच्या अंड्यात एवढं नसतं.

प्रयोगवही, दापोली
बांगडोभाऊ, ते कडं लोहाचंच, पण ते जास्त उकडल्यामुळे येतं. पांढऱ्यातल्या गंधकाचा वायू सुटतो आणि बलकातल्या लोहाशी मिळतो. दहा मिनिटांत उतरवून गार पाण्यात टाका, तेच गावठी अंडं स्वच्छ पिवळं निघेल. बलकाचा रंगही खनिजांमुळे नसतो. तो मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांचा.

शिंपल्यांबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं, ते कुठून तरी आलंच पाहिजे. फक्त सुकट खारवलेली असेल तर बेताने. मिठाने कोंबडी पाणी पीत सुटते, शिट पातळ होते, आणि भुगा फार झाला की अंड्याला वास मारतो.

आता मूळ मुद्दा. खळ्यातली लोहाबाबत बरोबर, ‘शुद्ध लबाडी’बाबत चूक. एका अंड्यात जेमतेम ०.९ मिलिग्रॅम लोह आणि ०.६ मिलिग्रॅम जस्त. खाद्यात कितीही ओता, हे आकडे फार हलत नाहीत, जास्तीचं शिटेतून बाहेर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत बाईची रोजची लोहाची गरज २९ मिलिग्रॅम आहे. त्यातही बलकातलं लोह फॉस्विटिन नावाच्या प्रथिनाला घट्ट धरून असतं, आपल्या अंगी त्यातलं थोडंच लागतं.

सेलेनियम आणि आयोडीन यांची गोष्ट वेगळी. ही दोन्ही खाद्यातून अंड्यात खरंच उतरतात. सेलेनियम यीस्टमधून दिलं तर ते सेलेनोमेथिओनिनच्या रूपात असतं. कोंबडीचं शरीर त्याला मेथिओनिन हे प्रथिनं बनवणारं नेहमीचं अमिनो आम्ल समजून पांढऱ्याच्या प्रथिनात विणून टाकतं. सोडियम सेलेनाइट हा सेलेनियमचा साधा क्षार स्वस्त, पण ते मुख्यतः बलकात जातं आणि एकूण कमी उतरतं. साध्या अंड्यात १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, यीस्टवर ते दुपटीच्या घरात नेता येतं. बलक भराभर भरतो तो शेवटच्या आठ-दहा दिवसांत, त्यामुळे फरक दिसायला पंधरवडा पुरतो.

लेयरवाला, चिपळूण
बघा! मग ‘सेलेनियमयुक्त’ लिहून दोन रुपये घेतले तर कुणाचं काय गेलं?

खळ्यातली
ज्याच्या ताटात रोज बांगडा, त्याला सेलेनियम आणि आयोडीन माशातून मिळतंच की. किनाऱ्यावर हे विकणं म्हणजे समुद्राला मीठ.

फक्त_अंडं, रत्नागिरी
सगळ्यांच्या ताटात बांगडा नसतो हो. आमच्याकडे मासे घरात येत नाहीत, मुलांना अंडं तेवढं चालतं. खरंखुरं तपासून लिहिलेलं असेल तर मी दोन रुपये देईन.

प्रयोगवही, दापोली
मापाबद्दल एक सांगतो. सेलेनियम थोडं लागतं आणि थोडं जास्त झालं की विष होतं, अंड्यातच पिल्लं मरतात. अमेरिकेत वरून घालायची मर्यादा किलो खाद्यामागे ०.३ मिलिग्रॅम आहे. मुठीने उडवायची ही वस्तू नव्हे. आधी थोड्या कोंड्यात, मग जास्तीत, असं वाढवत कालवायचं. आणि जिथे होड्या खरवडतात त्या बाजूला कोंबड्या सोडू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि अंड्यात तेही उतरतं.

खळ्यातली
काल मुद्दाम जाऊन पुडा वाचला. ‘चिलेटेड’ फक्त जस्तापुढे. लोहापुढे फेरस सल्फेट हा साधा क्षार, सेलेनियमपुढे सोडियम सेलेनाइट. यीस्टचा पत्ता नाही. विक्रेत्याला दाखवलं तर म्हणतो, ‘वहिनी, गिऱ्हाईक एवढं वाचत नाही.’

लेयरवाला, चिपळूण
नको असेल तर तो पुडा मला पाठवा. जस्त तरी खरं आहे, कवचाला होईल.